संदलवाल्यांचं पंचांग

नागपुरात लग्न ठरलं की मुहूर्ताच्या आधी दोन चौकशा होतात. लॉन रिकामं आहे का, आणि संदल कोणाचं मिळतंय. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना पहिलं कळतं, दुसरं कळत नाही. त्यांना वाटतं, चंदनाचा काही विधी असेल. मग वरातीच्या संध्याकाळी माणसाच्या उंचीचे साउंड बॉक्स रचलेली गाडी येते, जनरेटर धडधडायला लागतो, ढोल-ताशे अडकवलेले पोट्टे रांगेत उभे राहतात आणि गाडीवरचा एखादा किडकिडीत मुलगा बेंजोवर पहिली सुरावट छेडतो. पाहुण्यांचं बोलणं तिथेच संपतं. पुढचे दोन तास सगळं खुणांनी.

संदल मूळचं ताजबागचं. बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर उरुसात चंदनाचा लेप वाजतगाजत नेतात, ती संदलची मिरवणूक. तिथलं वाजवणं पुढे लग्नात आलं, गणपतीत आलं, देवीत आलं. नाव मात्र तेच राहिलं. हे बाबा कामठीचे. लोकांनी वेडा ठरवून पागलखान्यात टाकलेल्या या फकिराला १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं. मी सक्करदऱ्यातच राहतो, त्यामुळे संदलचा आवाज मला दोन्ही बाजूंनी येतो. उरुसात ताजबागेकडून, लग्नसराईत मागच्या लॉनमधून. खिडकीच्या काचा कुठलाही भेदभाव न करता थरथरतात.

असाच एक बेंजोवाला पोहेवाल्याच्या ठेल्यावर भेटला. तर्री-पोहे खात होता आणि वाद्य मांडीवर होतं. मी कुतूहलाने पाहतोय म्हटल्यावर त्याने ते माझ्यापुढे सरकवलं. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि कडेने टंकलेखन यंत्रासारख्या बटणांच्या रांगा. अर्ध्या बटणांचे आकडे बोटांनी पुसून गेलेले. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. छेडायला त्याच्याकडे जुन्या एटीएम कार्डाचा कापलेला त्रिकोणी तुकडा होता. "हे लयच टिकते काका," तो म्हणाला. "बाजारातली नखी दोन वरातीत जाते."

गंमत अशी की हे वाद्य जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टंकलेखन यंत्र पाहून ते बनवलं. आपल्याकडे आलं आणि त्याचं बुलबुल तरंग झालं, बेंजो झाला. आता १३ एप्रिलच्या मध्यरात्री संविधान चौकात भीमजयंतीचा जल्लोष असतो, तेव्हा याच जपानी पेटीवर भीमगीतं वाजतात. ज्या शहरात धम्माचं काम करायला जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई आले आणि इथलेच होऊन गेले, त्या शहरात हे काही फार जगावेगळं नाही म्हणा.

मी त्याला विचारलं, "वर्षभर काय काय वाजवतोस?"

"जे म्हणन ते. जरीपटक्यात सिंधी लग्न राह्यलं तर लाडा वाजवा लागते. छत्तीसगढी लोकं ददरिया मागते. मोमिनपुऱ्यात कव्वाली. गणपतीत तं तुम्हाले माहीतच हाय."

"आणि मारबतीला?"

"मारबतीले कोण आयकते काका! तिथं फक्त जोर लावा लागते."

खरं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा करत फिरत असतात, आणि तिकडे इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवायला काढलेले मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. मागे बडगे, म्हणजे ज्याच्यावर त्या वर्षी शहराचा राग असेल त्याचे पुतळे. "घेऊन जा गे मारबत" या आरोळीत कधी महागाई जाते, कधी रस्त्यावरचे खड्डे. त्या गर्दीत तानसेन जरी बेंजो घेऊन बसला तरी ऐकू यायचा नाही.

मला त्या पोराच्या पंचांगाचा हेवा वाटतो. आपल्या पंचांगात एकाच धर्माचे सण असतात. त्याच्याकडे उरुसही आहे, भीमजयंतीही आहे, देवीचं विसर्जनही आहे. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, कारभार हिंदी-मराठी दोन्हींत चालायचा. फाळणीनंतर सिंधी आले, रेल्वेने कुठले कुठले लोक आणून सोडले. एका वाक्यात दोन भाषा आल्या तर आम्ही वळूनही पाहत नाही.

टीव्हीवर मात्र आम्ही हसवायला जातो. मालिकेत नायक-नायिका प्रमाण मराठीत प्रेम करतात, भांडतात, रडतात. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा येतो तो विनोदापुरता. सिंधी असला तर कंजूष, दाक्षिणात्य असला तर कपाळभर भस्म. विविधता दाखवायची म्हटलं की लेखकांना आधी वेशभूषा आठवते. संदलच्या गाडीवर बसलेल्या पोराचा टी-शर्ट पाहून तुम्ही त्याची जात, धर्म, बोली काही सांगू शकत नाही. त्यावर फक्त ग्रुपचं नाव आणि फोन नंबर असतो.

हल्ली आमच्याकडेही ढोल-ताशा पथकांचं प्रस्थ वाढलंय. भगवे फेटे, नऊवाऱ्या, ध्वज, सगळं शिस्तीत. बघायला छान वाटतं, वाजवतातही जीव तोडून. पण "संदल नको हो, पथक बोलवा, जरा बरं दिसतं" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. बरं दिसतं म्हणजे काय? आपल्याच वस्त्यांत तयार झालेली गोष्ट गावंढळ, आणि पुण्याहून आली की संस्कृती! आवाजाबद्दल बोलायचं तर दोघांनीही कानाचे पडदे सोडलेले नाहीत, आणि रात्री दहाला दोघांनाही बंद करावंच लागतं.

यंदा पुतणीचं लग्न आहे. सोयरे पुण्याचे, त्यांना पथक हवंय. पुतणीच्या मैत्रिणींना संदलवरच नाचायचंय. शेवटी दोन्ही ठरवलं. आता आधी कोण वाजवणार यावर घरात दोन तट पडलेत. मी बेंजोवाल्याला फोन करून अडचण सांगितली. तो जराही विचारात पडला नाही.

"त्याहिले आधी वाजवू द्या ना काका. थकले का मंग आम्हाले सांगजा."