कारच्या चार्जरवर बाईक चार्ज होते का? होते, पण…

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दर चार दिवसांनी कुणीतरी लिफ्टमध्ये गाठून हेच विचारतं, काय हो, खाली तो कारचा चार्जर लावलाय त्यावर तुमची इलेक्ट्रिक बाईक चार्ज होते का? होते. मी बरेच महिने केली. आता करत नाही.

हा उपद्व्याप मुळात कशाला, तर कमिटीने मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत एकच लाइन ओढू दिली, ती गेली कारच्या 7.4 किलोवॅटच्या डब्यात आणि बाईकला लागणारा साधा तीन पिनांचा पॉवर प्लग काही भिंतीवर आला नाही. बॅटरी काढून घरी न्यायची सोय आहे म्हणा, पण ती वीस किलोच्या आसपास, तीन दिवस नेली, चौथ्या दिवशी कंबर बोलायला लागली.

आता गंमत अशी की भिंतीवरच्या त्या डब्याला आपण चार्जर म्हणतो पण तो चार्जर नाहीच, खरा चार्जर कारच्या पोटात असतो. डबा म्हणजे नुसता शिस्तीचा स्विच. त्याच्या टाइप 2 गनमध्ये, म्हणजे कारमध्ये खुपसायच्या प्लगमध्ये, सात पिनांची जागा असते, त्यातल्या एका बारीक पिनवर डबा 12 व्होल्ट धरून बसतो, कारने ते 9 वर ओढले की कळतं गाडी लागली, 6 वर ओढले की गाडी करंट मागतेय, मग आत कॉन्टॅक्टर, म्हणजे करंट सोडणारा स्विच, टक्क करून बसतो. बाईकच्या विटेएवढ्या चार्जरला ही भाषा येत नाही. मग डब्याला कारच लागलीय असं वाटावं म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून एक डायोड आणि 880 ओमच्या आसपासचा रेझिस्टर आणला (दोन्ही मिळून चहाच्या पैशात), टाइप 2 चं सॉकेट ऑनलाइन मागवलं, ते मात्र चांगलंच महाग पडलं, आणि दुसऱ्या टोकाला 16 अँपिअरचं साधं सॉकेट, झाला अ‍ॅडॅप्टर. पहिल्यांदा टक्क आवाज आला तेव्हा पार्किंगमध्ये एकटाच हसलो.

आणि नाही, डबा 7.4 चा म्हणून बाईक तासाभरात फुल होत नाही हो. सव्वातीन युनिटची बॅटरी, तिचा चार्जर साडेचार तास घेतो, मागे डबा केवढाही असो.

मग एका रविवारी खाली गेलो तर गाड्या धुणाऱ्या पोऱ्याने बाईकचा प्लग काढून तिथे आपला प्रेशर वॉशर लावलेला, खाली सगळं पाणी, आणि पोरगा अनवाणी. त्याची काय चूक, सॉकेट दिसलं, लावलं. पण माझ्या पोटात गोळा आला, कारण डब्यामागे एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, 40 अँपिअरचा. माझं सॉकेट 16 चं आणि पुढची वायर त्याहून बारीक, म्हणजे तिथे जास्त लोड आला तर आधी वायर तापणार, एमसीबी निवांत बसणार. डब्याने आधीच सांगितलेलं असतं की किती करंट ओढायचा, कार ते ऐकते, माझा रेझिस्टर नुसता ‘हो हो’ म्हणतो.

त्याच आठवड्यात वायरमनला बोलावलं, लोहार चाळीतून 16 अँपिअरचा आरसीबीओ आणला, म्हणजे ओव्हरलोडला पडतो आणि 30 मिलिअँपिअर लीकेजलाही. त्याच लाइनवर डब्याच्या आधी छोटा डीबी, म्हणजे असे स्विच बसवायची पेटी, बसवून त्यातून बाईकला झाकणाचं, कुलूपवालं सॉकेट काढलं, अर्थिंग मीटर लावून तपासून घेतलं. सेक्रेटरी काकांना सांगितलं, नवीन लाइन नाही, आहे त्याच लाइनवर आहे, तर ते म्हणाले मग मला कशाला विचारतोस. कारचा डबा अ‍ॅपमधून 16 अँपिअरवर आणून ठेवलाय, रात्री दोन्ही गाड्या एकदम लागल्या तरी लाइनवर ताण येत नाही, कार सकाळपर्यंत होते तेवढी पुरते.

तेव्हा तुमच्या पार्किंगमध्ये लाइन आलेली असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या नादाला लागू नका, सॉकेटच काढून घ्या. माझा अ‍ॅडॅप्टर कपाटात आहे, बघायला या, पण न्यायला देणार नाही.