स्वतःच्याच वाऱ्यात बुडणारं हेलिकॉप्टर

जुने लष्करी वैमानिक आठवणी सांगायला बसले की गोळीबाराइतकाच हा विषय निघतो: व्हॉर्टेक्स रिंग, म्हणजे हेलिकॉप्टर स्वतःच्याच हवेच्या भोवऱ्यात सापडणं. पुढचा वेग साधारण 30 नॉटच्या (ताशी सुमारे 55 किमी) खाली, उतरण्याचा वेग मिनिटाला 300 फुटांच्या वर आणि इंजिनाची ताकद लावलेली, या तीन गोष्टी जुळल्या की रोटर (डोक्यावरचा फिरता पंखा) स्वतःच खाली ढकललेली हवा परत वरून ओढू लागतो. आधी यंत्र थरथरतं, कंट्रोल ढिले वाटतात, मग ते एकदम खाली बसू लागतं. अशा वेळी हात आपोआप कलेक्टिव्ह (यंत्र वर-खाली नेणारी दांडी) वर ओढतो आणि घात तिथेच होतो, कारण भोवरा आणखी घट्ट होतो.

नेहमीचा उपाय म्हणजे सायक्लिक (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारी दांडी) पुढे, कलेक्टिव्ह थोडा खाली, वेग येईपर्यंत. पण त्यात उंची जाते. स्विस वैमानिक व्युशार्ड यांच्या पद्धतीत कमी जाते: रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरत असेल तर सायक्लिक उजवीकडे, डाव्या पेडलने नाक सरळ, आणि यंत्र भोवऱ्यातून बाजूला सरकत असल्याने सोबत ताकदही वाढवायची.

2011 मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादला बिन लादेनविरुद्धच्या अमेरिकी मोहिमेत एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर असंच खाली बसलं. सरावात कुंपण जाळीचं होतं. तिथे भक्कम भिंती होत्या, त्यात हवा कोंडली.