शेंडीच्या माळावरचा लाल दिवा

संगमनेरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वीस वर्षं ट्रॅक्टर, पिकअप आणि उसाच्या ट्रॉल्यांचं वायरिंग करतोय. पण माणसांनी रात्री आत झोपायचं असा ट्रेलर मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडला.

जूनचा पहिला आठवडा. पाऊस अजून यायचा होता. पुण्याहून भंडारदऱ्याला काजवे बघायला आलेल्या एका कुटुंबाचा दुपारी फोन आला. गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर, आदल्या रात्री त्यात वायर जळून धूर झालेला. भंडारदऱ्याशेजारच्या शेंडी गावातल्या एका हॉटेलवाल्याची पिकअप माझ्याकडे दुरुस्तीला येते, त्यानं नंबर दिला होता. "भाऊ, आज रात्री उजेड पाहिजे हो, बरोबर दोन लहान पोरं आहेत," एवढं ऐकलं आणि मी शटर ओढलं. हाताखालच्या मुलाला घेतलं, वायरचे दोन बंडल, तारेच्या टोकाला दाबून बसवायचे लग, फ्यूज, जे हाताला लागलं ते पेटीत टाकलं. अकोले, राजूर करत शेंडीला पोचायला चार वाजले.

दोन मोठी आणि दोन लहान माणसं आडवी होतील एवढीच आत जागा. बाहेरून पत्रा, आतून प्लाय. मी वाकून आत डोकावलो आणि आधी दिसली ती छताच्या हुकाला टांगलेली गॅसबत्ती. वायर जळाल्यावर दादांनी बॅटरीची तार उपसून टाकली होती आणि बाकीची रात्र ही बत्ती पेटवून काढली होती. डास नकोत म्हणून दोन्ही खिडक्या बंद. वहिनी सकाळपासून डोकं धरून बसल्या होत्या. दुखणं त्या बत्तीचंच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. कोंडलेल्या जागेत ज्योत जळली की ती आतली हवा खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. मी बत्ती हुकावरून काढून बाहेर दगडावर ठेवली आणि दादांना म्हणालो, "वायरिंग होवो न होवो, ही आत पेटवायची नाही. बॅटरीवरची साधी विजेरी लावा, नाहीतर अंधारात झोपा."

मग गादी उचलली. बॅटरीपासून निघालेली लाल तार पत्र्याच्या भोकातून आत आली होती. भोक ड्रिलनं पाडलेलं, काठ तसाच धारदार, भोकात बसवायची रबराची कडी, म्हणजे ग्रॉमेट, नाही. पुणे ते शेंडी रस्त्याच्या हादऱ्यांनी तो काठ तारेवर करवतीसारखा फिरला होता. वरचं प्लास्टिक कापलं जाऊन तांबं पत्र्याला टेकलं होतं. पत्रा म्हणजे अर्थिंग, बॅटरीचं दुसरं टोक, आणि वाटेत फ्यूज कुठेच नाही. १२ व्होल्ट म्हटलं की लोकांना खेळणं वाटतं. शॉक बसत नाही हे खरं, पण तसली बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकड्यांनी अँपिअर सोडते. हातभर तारेचं प्लास्टिक वितळून गादीच्या खोळीला चिकटलं होतं. खोळीवर तळहाताएवढा काळा डाग. त्याच्या बरोबर वर धाकट्याची उशी होती. मी ती खोळ वहिनींना दाखवली नाही, दादांना बाजूला बोलावून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ज्यानं हे काम केलं त्यानं पैसे पुरेपूर घेतले होते. ग्रॉमेट काही रुपयांत येतो, फ्यूज होल्डरही स्वस्तच. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पुढचं काम सरळ होतं. बॅटरीकडून आलेली जुनी तार सगळी उपसली. भोकाचा काठ कानशीनं घासला, ग्रॉमेट बसवला, तार प्लास्टिकच्या नळीतून, स्लीव्हमधून घेतली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण तो तारेला वाचवतो. त्याच्या अलीकडची तार मोकळीच राहते. पीळ मारून टेप गुंडाळलेले जॉइंट तोडले आणि लग दाबून घेतले, कारण चालत्या गाडीत पीळ सैल होतो आणि सैल जॉइंट तापतो.

दादांची दुसरी तक्रार अशी की दिवे मध्यरात्रीच बसायचे. आत छताला पाच मीटर पांढरी एलईडी पट्टी, जाड दाण्यांची. मीटरला १४.४ वॉट खाणारी, म्हणजे सगळी मिळून ७२ वॉट, ६ अँपिअर. बाहेर २० वॉटचा फ्लडलाइट, म्हणजे आणखी पावणेदोनच्या आसपास. १०० एएचची, म्हणजे १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी ५०. साडेसहा तासांत खेळ आटपणारच. त्यात छताकडे जाणारी तार बारीक, अर्ध्या स्क्वेअर एमएमची. पट्टी चालू करून व्होल्टमीटर लावला तेव्हा बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि पट्टीच्या टोकाला पावणेअकरा दाखवत होता. उरलेली ताकद तारेतच उष्णता होऊन चालली होती.

पट्टी काढायला दादा तयार नव्हते. "अंधार वाटेल हो," म्हणाले. मी पेटीतली बारीक दाण्यांची पिवळी पट्टी मीटरभर कापली, पाच वॉटही न खाणारी, आणि छताऐवजी गादीच्या बाजूनं खाली लावली, तोंड भिंतीकडे करून. दीड स्क्वेअर एमएमची तार. दोन्ही उशांजवळ वाचायचे छोटे दिवे, ज्याचं बटण त्याच्या हाताशी. एवढ्या लहान जागेत डोक्यावर उजेड ओतला की डोळ्यांत घुसतो आणि सावल्या तशाच राहतात. खालून भिंतीवर पडलेला पिवळा उजेड पुरतो. वहिनींनी आत बसून बघितलं आणि म्हणाल्या, "हे घरासारखं झालं." सगळं लावूनही ओढ पाऊण अँपिअरच्या आत.

तोवर साडेसात झाले. बाहेर जेवणाची तयारी होती म्हणून दादांनी फ्लड लावला. पांढराफेक उजेड समोरच्या हिरड्या-जांभळांवर जाऊन आदळला. माळाचे मालक, सत्तरीचे बाबा, बांधावरून हाक मारत आले. "ती बत्ती इझवा आधी. काल बी तुमच्याकडचं झाड काळंच राह्यलं."

बाबांचं खरं होतं. काजव्याचं लुकलुकणं ही नराची मादीला हाक असते. त्यावर फ्लडचा झोत टाकला की हाकच बुडून जाते. वनखातंही तिथं गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश बंद ठेवायला सांगतं. पण ट्रेलरच्या पायरीला उजेड हवाच होता, पोरं दिवसभर तिथूनच उतरत-चढत होती.

पेटीत उसाच्या ट्रॉलीचा एक मागचा दिवा पडून होता, लाल काचेचा, २१/५ चा बल्ब, म्हणजे एकाच बल्बात २१ आणि ५ वॉटचे दोन तंतू. मी ५ वॉटचाच तंतू जोडला, २१ चा सोडून दिला, आणि दिवा पायरीखाली जमिनीकडे तोंड करून बसवला. फ्लडची तार काढून टाकली. लाल उजेडानं काजव्यांना सगळ्यांत कमी त्रास होतो. पायरी आणि चपला तेवढ्या दिसत होत्या, बाकी सगळा अंधार.

पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग जांभळाच्या खालच्या फांदीवर एक टिपका लागला, विझला. मग चार. मग ती फांदी, मग अख्खं झाड, आणि हळूहळू सगळे एकाच लयीत लागू-विझू लागले. मी या तालुक्यांत वीस वर्षं हिंडतोय, काजवे काही नवे नाहीत. पण माझा एक दिवा काढल्यानं अख्खं झाड पेटताना मी आजवर पाहिलं नव्हतं. धाकट्यानं माझं बोट घट्ट धरलं होतं आणि तो कुजबुजत होता, "काका, हात नका हलवू."

निघायच्या वेळी माझ्या पिकअपचे हेडलाइट लावायला हात धजेना. पेटीतला दुसरा लाल दिवा सुट्या बॅटरीला जोडला. हाताखालचा मुलगा तो खाली धरून पुढे चालू लागला आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागे डांबरी रस्त्यापर्यंत गाडी आणली.