रुग्ण सहकार्य करत नाही

केस पेपर चार घड्या घातलेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत, बियाण्याच्या मक्याच्या कणसांशेजारी वाशाला टांगलेला. त्याच्या बायकोनं पिशवी काढून माझ्या हातात दिली तेव्हा मला हायसं वाटलं, आधीचं काहीतरी लिहिलेलं मिळालं म्हणून. कागद उलगडला. निळ्या शाईत तीन-चार तुटक वाक्यं: ‘रुग्ण सहकार्य करत नाही. नातेवाईक माहिती देत नाहीत. अंधश्रद्धा. समुपदेशन केले.’

अक्षर माझं होतं.

मी मेळघाटात मानसिक आरोग्याच्या सरकारी पथकात काम करते. पदाचं नाव मनोविकृती सामाजिक कार्यकर्ती. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर डोंगरात येतात. त्यांच्यासमोर बसण्याआधी रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून सगळी हकीकत लिहून घेणं हे माझं काम. अमरावतीहून निघालं की परतवाडा, तिथून घाट, सेमाडोह, आणि मग धारणीकडचा रस्ता. पाहिजे तेव्हा डॉक्टर गाठता येईल असं हे अंतर नाही. मेळघाट म्हटलं की लोकांना कुपोषण आठवतं, वाघ आठवतो. आमच्या बैठकांमध्येसुद्धा बालमृत्यूचे आकडे आधी वाचले जातात, आणि ते बरोबरच आहे. पण इथल्या माणसाला झोप येते का, त्याच्या मनात काय चाललंय, हे विचारायची पाळी फार उशिरा येते.

इथे बहुसंख्य लोक कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठीपेक्षा तिचं नातं झारखंडच्या संथाळी-मुंडारीशी जास्त जवळचं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सव्वासात लाखांच्या आसपास कोरकू बोलणारे मोजले गेले. बाजारात, बसमध्ये, साहेबासमोर ते हिंदी बोलतात. कामापुरती हिंदी. ‘किती झाले’, ‘कुठे जायचं’, ‘पोट दुखतं’ एवढं त्या हिंदीत मावतं. आपण वेडे होतोय की काय ही भीती तिच्यात सांगता येत नाही. हे मला चार वर्षं इथे काम करून समजायला हवं होतं. समजलं नव्हतं.

जूनमधल्या त्या शिबिराच्या दिवशी ओळीत चाळीसेक माणसं होती. हा तिशीचा तरुण बायको आणि सासऱ्याबरोबर आला होता. डोळे लाल, नजर जमिनीवर. मी हिंदीत विचारलं, “आवाज सुनाई देती है?” तो म्हणाला, “हाँ.” कसला आवाज? गप्प. रात्री झोप लागते? “हाँ.” कुणाची भीती वाटते? “हाँ.” प्रत्येक प्रश्नाला हाँ. मग मी सासऱ्याकडे वळले आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला, “भूमका के पास गये थे क्या?” भूमका म्हणजे कोरकूंचा पुजारी आणि वैदू. माझा सूर कसा होता ते मला माहीत आहे. शाळेत गृहपाठ केला नाही म्हणून विचारतात तसा. सासरा म्हणाला, “नहीं बाई.” मला ते खोटं वाटलं. मी पाच मिनिटं अंधश्रद्धेवर बोलले, डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. ते आले नाहीत. मी यादीत त्यांच्या नावापुढे फुली मारली.

ऑगस्टमध्ये त्या पाड्याच्या आशाताईंचा, म्हणजे तिथल्या ‘आशा’ आरोग्यसेविकेचा, निरोप आला. आशाताई स्वतः कोरकू. म्हणाल्या, “मॅडम, त्याला गोठ्यात बांधलंय. तुम्ही या, पण पोलीस घेऊन येऊ नका.”

सिपना नदीला पाणी होतं. गाडी अलीकडे ठेवून आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलो आणि पुढे दोन तास चाललो. मी वाटेत मनातल्या मनात भाषण तयार करत होते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडानं बांधायला मनाई केली आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ला आग लागली तेव्हा दर्ग्याजवळच्या निवाऱ्यात बांधून ठेवलेली माणसं सुटता न आल्यानं जळून गेली. हे सगळं त्या घरच्यांना सांगायचं मी ठरवलं होतं.

गोठ्यात गेले. तो खांबाला टेकून बसला होता. डाव्या पायाला दोर होता, आणि दोराखाली, घोट्याभोवती, जुन्या लुगड्याची मऊ चिंधी तीन पदरी गुंडाळलेली होती. चिंधी स्वच्छ होती. रोज बदलली जात असावी. समोर पाण्याचा तांब्या आणि शेणानं सारवलेली ओल्या वासाची जमीन. दोर एवढा लांब होता की तो दारापर्यंत येऊ शकेल, अंगणातल्या विहिरीपर्यंत नाही.

मी भाषण केलं नाही.

बायकोनं तो केस पेपर दिला तो यानंतर. तेवढ्यात आशाताई म्हणाल्या, “भूमकाबाबा बसलेत बाहेर.” खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला पांढरं फडकं, हातात विडी. मी अंग आखडून समोर बसले. ते हिंदीत माझ्याशी बोलले, अगदी सावकाश. “बाई, मैं तो जेठ में ही बोला इनको, ये मेरे हाथ का नहीं. अस्पताल ले जाओ. ले गये. फिर वापस आ गये.”

म्हणजे मी ज्यांच्या नावानं अंधश्रद्धा लिहून मोकळी झाले होते, त्यांनीच त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. सासऱ्यानं ‘नहीं बाई’ म्हटलं कारण दवाखान्यात भूमक्याचं नाव काढलं की बोलणी बसतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खरं सांगितलं असतं तर त्या एका वाक्यात मला हवं असलेलं सगळं होतं: किती दिवस झाले, कुठली लक्षणं पाहून बाबांनी हात वर केले, घरात काय घडलं. मी प्रश्नच असा विचारला की उत्तर खोटंच यावं.

मी आशाताईंना म्हटलं, आता तुम्हीच बोला, कोरकूत, मी मध्ये बोलणार नाही. तुम्ही मला नंतर सांगा, थोडक्यात नको, जसंच्या तसं. त्या त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. त्याला काकाचा मुलगा म्हणून त्या ओळखत होत्या. पहिली दहा मिनिटं तो काहीच बोलला नाही. मग बोलायला लागला आणि थांबेचना. माझ्यासमोर ‘हाँ’पलीकडे एक शब्द न उच्चारलेला माणूस जवळजवळ पाऊण तास बोलत होता. मधेच रडत होता. बायको दारात उभी राहून पदर तोंडावर धरून ऐकत होती. तिनंसुद्धा यातलं बरंच पहिल्यांदा ऐकलं, असं तिनं नंतर सांगितलं.

झालं होतं असं. गेल्या दिवाळीनंतर तो आणि त्याचा मोठा भाऊ बुऱ्हाणपूरकडे कामाला गेले. इथून अर्धा पाडा दिवाळीनंतर बाहेर पडतो आणि होळीला परततो. भावाला तिकडे ताप आला. मुकादमानं आज नेऊ, उद्या नेऊ केलं. चौथ्या दिवशी भाऊ गेला. पैसे नव्हते, गाडी नव्हती, तिथेच पुरलं. कोरकूंमध्ये माणूस गेल्यावर सिडोली करतात. लाकडी खांब कोरून उभा करतात, त्याला मुंडा म्हणतात, त्यावर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. सगळं गोत जमतं, बकरा लागतो, जेवण घालावं लागतं. सिडोली झाली की गेलेला माणूस पूर्वजांत जातो. तोपर्यंत तो वाटेत असतो. याचा भाऊ वाटेतच होता, आणि तो रोज रात्री हाक मारत होता.

त्यानं माझ्या प्रश्नाला ‘हाँ’ म्हटलं होतं ते खरंच होतं. आवाज येत होता. पुढे काय विचारायचं ते मला कळलं नाही.

इथे मी आणखी एक चूक केली असती. दुःख आहे, रीत आहे, सिडोली करा म्हणजे बरं वाटेल, असं म्हणून मी मागे फिरले असते. शहरातून येणाऱ्या काही संवेदनशील माणसांना हे म्हणायला आवडतं. पण भूमकाबाबांनी मला थांबवलं. ते म्हणाले, गेलेल्या माणसाची हाक आमच्याकडे पुष्कळांना येते. बाई रडते, जेवते, झोपते, कामाला जाते. हा वीस-वीस रात्री झोपत नाही. बायकोच्या हातचं खात नाही, त्यात विष आहे म्हणतो. भाऊ त्याला विहिरीत ये म्हणतो. “मेरा भाई होता तो कुएँ में नहीं बुलाता.” म्हणून बाबांना ते दुखणं वेगळं वाटलं होतं. रीतीतलं काय आणि रीतीबाहेरचं काय, हे नेमकं वेगळं करणारा माणूस त्या खाटेवर बसला होता. माझ्या पुस्तकात हा फरक ओळखायला सांगितलेलं आहे, पण तो ओळखण्यासाठी ती रीत आतून माहीत असावी लागते.

टेकडीवर एका मोहाच्या झाडाखाली रेंज येते. तिथून मी डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, दाखल करायला हवं, आजच. आता त्याला न्यायचं कसं? गाडीचं नाव काढताच तो मागे सरकला. “नागपूर नहीं,” एवढंच हिंदीत म्हणाला. आमच्या विदर्भात ‘नागपूरला पाठवा’ हे वेड्याला उद्देशून सर्रास म्हणतात, तिथलं मनोरुग्णालय ध्यानात धरून. ते वाक्य डोंगरातही पोचलेलं आहे. बायकोची भीती वेगळी होती. धाकट्या नणंदेचं लग्न ठरत आलं होतं, आणि घरात एक पागल आहे हे दवाखान्याच्या कागदावर आलं की तिकडचे लोक मागे फिरतील. गोठा पाड्याला दिसत होता, तरी गोठ्यातलं बोलायचं नाही असा पाड्याचा अलिखित करार होता. कागदाचं तसं नसतं.

मी तिला खोटा धीर दिला नाही. कागद आमच्याकडे राहील, तो दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही असा कायदा आहे, एवढं सांगितलं.

शेवटी भूमकाबाबा उठले. गोठ्यात गेले, खाली बसून स्वतः दोर सोडला. त्याचं मनगट धरलं आणि काहीतरी बोलले. आशाताईंनी सांगितलं, “म्हणाले, मी पण येतो, तिथेच झोपतो.” आणि आम्ही निघालो. पुढे बाबा आणि तो, मनगट धरून. मागे बायको, डोक्यावर गाठोडं. नदीपर्यंत तो एकदाही हात सोडवून घ्यायला धडपडला नाही. पाण्यात उतरल्यावर मात्र थबकला, बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. बाबाही थांबले. घाई केली नाही.

तो अकरा दिवस दाखल होता. पहिल्या दोन रात्री इंजेक्शनवर झोपला, मग रिस्पेरिडोनच्या गोळ्या सुरू झाल्या. तापानंही असं होऊ शकतं, पण मलेरिया नव्हता. बाबा वॉर्डाच्या व्हरांड्यात घोंगडी टाकून चार रात्री राहिले. रात्रपाळीच्या सिस्टरनं आधी त्यांना हटकलं, मग दुसऱ्या दिवशी चहा दिला. पाचव्या दिवशी तो बायकोच्या हातची भाकर जेवला. त्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली नाही, नुसती मान हलवली.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेले नव्हते. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आमच्या शेजारचा मध्य प्रदेश होता. प्रशिक्षणात हा आकडा मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलाय, आणि कारणं विचारली की पहिलं कारण ‘समाजातील गैरसमज’ असं लिहिलंय. हा माणूस मात्र जूनमध्ये माझ्या टेबलासमोर, हातभर अंतरावर बसलेला होता. घरच्यांनी रोजगार बुडवून आणला होता. भूमक्यानं पाठवला होता. तो पोचला होता.

आता शिबिराच्या दिवशी आशाताईंपैकी एक जण दिवसभर माझ्याशेजारी बसते. तिच्या त्या दिवसाच्या पैशांची सोय अजून कागदावर झालेली नाही, मी त्यासाठी लिहिते आहे. वरून उत्तर आलं की ‘स्थानिक लोक हिंदी समजतात’. मी पुन्हा लिहिलं. भूमक्याबद्दलचा प्रश्न मी आता शेवटी विचारते, आणि ‘बाबा काय म्हणाले?’ असा विचारते. उत्तरं येतात.

दिवाळीनंतर तो पुन्हा बुऱ्हाणपूरकडे निघाला, या वेळी बायकोबरोबर. मला ते नको होतं. पण सिडोलीसाठी पैसा तिकडूनच येणार होता, आणि ती झाल्याशिवाय त्या घराला स्वस्थता नाही, हे आता मलाही दिसत होतं. दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. पाकिटावर आशाताईंनी चंद्र काढला, रात्रीची गोळी म्हणून. संपल्या तर तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला मी हिंदीत चिठ्ठी लिहिली. औषध, मात्रा, कधीपासून. खाली एक ओळ जास्त घातली: ‘मरीज की भाषा कोरकू है. पत्नी से बात करवाइए, समय दीजिए.’ बायकोनं ती चिठ्ठी त्याच जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या केस पेपरासोबत ठेवली. तो पेपर मी परत मागितला. ती नाही म्हणाली, कागद आहे, लागेल.

डिसेंबरात दोनदा तिचा फोन आला. नंतर नंबर बंद लागतोय. आता होळीची वाट बघतेय.