दिवसाचे ३३ तास

पहिल्या ११ महिन्यांत माझ्या पोकरच्या साइटवरच्या लिंकवरून पोकर रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन पोकर खेळवणाऱ्या कंपन्यांकडे, एकूण ४ खाती उघडली गेली. अशा खात्यांमागे रूम कमिशन देते; हा धंदा करणाऱ्याला अफिलिएट म्हणतात. दोघांनी पैसे भरलेच नाहीत. तिसऱ्यानं बोनस घेतला आणि तो गायब झाला. चौथं खातं माझंच होतं, लिंक चालते का ते बघायला उघडलेलं. स्वतःच्या लिंकवरून खातं उघडायला करारात मनाई असते, हे मला रूमच्या अफिलिएट कार्यक्रमाच्या मॅनेजरची मेल आल्यावर कळलं. म्हणजे ११ महिन्यांची कमाई शून्य, वर एक तंबी.

मी पेशानं हिशेब तपासणारी. दिवसभर लोकांची खाती तपासायची आणि रात्री तासभर ऑनलाइन पोकर खेळायचं, तेही अगदी खालच्या टेबलांवर, २-५ सेंटच्या ब्लाइंडवर (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीनं घालावी लागणारी रक्कम). खेळाडू म्हणून बेताचीच. पण वाचायची आणि लिहायची हौस होती, म्हणून वाटलं, पोकरवर साइट काढावी, रूमच्या लिंक लावाव्यात, लोक येतील. लोक कुठून येणार होते देव जाणे. ‘सर्वोत्तम १० पोकर रूम’ आणि ‘सर्वात मोठा बोनस’ असली पानं मी लिहीत होते, आणि त्याच शब्दांवर मोठाल्या कंपन्या ३०-३० माणसं बसवून लिहीत होत्या. माझ्या यादीतला क्रम कशानं ठरायचा? जी रूम जास्त कमिशन देईल ती वर. लाज वाटते, पण असंच होतं.

एका रात्री मी ज्या बोनसचं तोंडभर कौतुक केलं होतं, त्याच्या अटी सहज उघडल्या. भरलेल्या रकमेइतकाच बोनस, ६०० डॉलरपर्यंत, मुदत ६० दिवस. बोनस एकदम मिळत नाही, तुम्ही जितका रेक भराल त्याच्या २० टक्क्यांच्या हिशेबानं थोडाथोडा सुटतो. रेक म्हणजे प्रत्येक पॉटमधून, डावात जमलेल्या पैशांतून, रूम कापून घेते तो वाटा. म्हणजे ६०० सुटायला ३,००० डॉलर रेक भरायला हवा. माझ्या टेबलांवर १०० हात, म्हणजे डाव, खेळले की माझ्या वाट्याचा रेक साधारण ५० सेंट व्हायचा. मग ३,००० डॉलरसाठी ६ लाख हात. ६० दिवसांत म्हणजे रोज १०,००० हात. सहा जणांच्या एका टेबलावर तासाला ७५ हात होतात, चार टेबलं एकदम उघडली तर ३००.

रोज ३३ तास.

मी कॅल्क्युलेटर पुन्हा बडवला. तेच उत्तर. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त इथं आवळाही पूर्ण हातात येत नाही. दुसऱ्या दिवशी मी ते कौतुकाचं पान काढलं आणि त्याच पत्त्यावर हा हिशेब टाकला. जसाच्या तसा, पायरीपायरीनं, शेवटी ‘२-५ सेंटवर खेळणार असाल तर ६०० डॉलर भरू नका, ५० भरा, तितकाच बोनस सुटेल’ असं लिहून. खरं तर त्या टेबलांवर ५० डॉलरचा बोनस सुटायलाही रोज पावणेतीन तास बसावं लागतं, तेही लिहिलं. लिंक मात्र तशीच ठेवली.

मला वाटलं होतं, आता कुणीच क्लिक करणार नाही. क्लिक कमी झाले, हे खरं. पण जे आले ते पैसे भरून खेळायला बसले आणि तीन महिन्यांनीही खेळत होते. माझा धंदा खऱ्या अर्थानं त्या पानापासून सुरू झाला.

असं का झालं ते कळायला कमिशन जन्माला कसं येतं ते बघावं लागतं. समजा १-२ डॉलरच्या टेबलावर ४० डॉलरचा पॉट झाला. रेक ५ टक्के, कमाल मर्यादा ३ डॉलर. रूमनं २ डॉलर कापले. हे २ डॉलर कुणाच्या नावावर लावायचे? पूर्वी बऱ्याच रूम ज्यांना पत्ते वाटले त्या सगळ्यांमध्ये सारखे वाटायच्या. सहा जण असतील तर प्रत्येकी ३३ सेंट, पत्ते टाकून दिलेल्यालासुद्धा. आता पॉटमध्ये ज्यानं जितके घातले त्या प्रमाणात धरतात. माझ्या लिंकवरून आलेल्या खेळाडूनं ४० पैकी २० घातले असतील तर त्याचा रेक १ डॉलर. त्यातून बोनस, पैसे भरण्या-काढण्याचा खर्च, कर वगैरे वजा होतं आणि उरलेल्याचे ३० टक्के मला. म्हणजे एका बऱ्यापैकी पॉटमागे माझ्या हातात पाव डॉलरसुद्धा येत नाही. हे रेव्हेन्यू शेअर. दुसरा प्रकार सीपीए, म्हणजे पैसे भरणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूमागे एकदाच ठोक रक्कम आणि विषय संपला.

सीपीए गोड दिसतो. नव्यानं येणारे सगळे तोच निवडतात, मीही निवडला होता. पण त्यात मेख अशी की खेळाडूचं पुढं काय होतं याच्याशी तुमचं देणंघेणं उरत नाही, आणि लिहिणं आपोआप भडक होत जातं. रेव्हेन्यू शेअरमध्ये खेळाडू टिकला तरच पैसा. शिवाय पोकरमध्ये रूम तुमच्याविरुद्ध खेळत नाही, जिंकणारा असो की हरणारा, दोघांच्या पॉटमधून रेक कापला जातो. म्हणून वाचकाला नीट खेळायला शिकवलं तर माझं नुकसान होत नाही. कसिनोच्या अफिलिएटला हे म्हणता येत नाही, त्याचं कमिशन थेट वाचकाच्या हरण्यातून येतं. (आता काही रूम जिंकणाऱ्यांचा रेक कमी किमतीचा धरतात, तेव्हा हा फरकही पुसट होत चाललाय. करारात व्याख्यांचं पान असतं, ते आधी वाचा, टक्के मागून.)

कसिनोवरून आठवलं. एका रूमशी माझा करार होता आणि तिथं पोकर आणि कसिनोचं पाकीट एकच होतं. माझ्या लिंकवरून आलेला एक गडी पोकर सोडून ब्लॅकजॅककडे गेला आणि एका रात्रीत भलतीच रक्कम जिंकला. त्याचं अभिनंदनच. पण माझ्या स्टेटमेंटवर त्या महिन्यात उणे १,९०० डॉलर! आणि हे उणे पुढच्या महिन्यात ओढलं जाणार, फिटेपर्यंत. करारात एक ओळ होती, बारीक अक्षरात: नकारात्मक शिल्लक पुढे नेली जाईल. मी, जिचा जन्म दुसऱ्यांच्या खात्यांतल्या बारीक ओळी शोधण्यात गेला, तिनंच ती वाचली नव्हती. सात महिने त्या रूमकडून मला एक छदाम मिळाला नाही, आणि माझे बाकीचे खेळाडू तिथं रोज रेक भरत होते. तेव्हापासून ती अट काढून दिली नाही तर मी सही करत नाही. मागितलं की बहुतेक जण काढून देतात, हेही एक शहाणपण उशिराच आलं.

दुसरा घाव मीच घालून घेतला. साइट नव्या होस्टिंगवर हलवली, लिंका छोट्या दिसाव्यात म्हणून एक प्लगइन टाकलं. त्यानं लिंकच्या पत्त्यातल्या प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं कापून टाकलं. आणि माझा ट्रॅकिंग कोड नेमका तिथंच असतो. वाचक रूमवर पोचत होते, खाती उघडत होते, पण कुणाच्याच नावावर नाही. १९ दिवसांनी लक्षात आलं. मॅनेजर म्हणाला, खातं एकदा बिनकोडचं उघडलं की मागून जोडता येत नाही. आता दर सोमवारी सकाळी खासगी विंडोत माझ्या प्रत्येक लिंकवर एकेकदा टिचकी मारते (खातं उघडत नाही, तंबी आठवते) आणि डॅशबोर्डवर आकडा एकानं वाढला का ते बघते. कंटाळवाणं काम आहे. पण माझ्या धंद्यातलं सगळ्यात जास्त पैसे देणारं काम तेच असावं.

लिहायचं काय, हा प्रश्न मग फार अवघड राहिला नाही. फ्लॉपनंतर (टेबलावर पहिले तीन सामायिक पत्ते उघडल्यावर) फ्लशला, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांना, एक पत्ता कमी असेल तर शेवटपर्यंत तो येण्याची शक्यता ३५ टक्के, पुढच्याच पत्त्यावर जेमतेम २० टक्के. हातात दोन एक्के सरासरी २२१ हातांत एकदा येतात. हातात जोडी असेल तर फ्लॉपवर तसाच तिसरा पत्ता साडेआठ वेळांत एकदा. हे आकडे कुठंही सापडतात. पण ‘मग मी इथं पॉटमध्ये १२ डॉलर घालू की नको’ हे एका खऱ्या हातावर बोट ठेवून सांगणारी पानं कमी असतात. मी माझेच हरलेले हात घेतले आणि चूक कुठं झाली ते लिहिलं. आणि रूमच्या रिव्ह्यूमध्ये प्रत्येक ठिकाणी स्वतः थोडे पैसे भरून, खेळून, काढून बघितले: अर्ज कधी केला, कागदपत्रं किती वेळा मागितली, पैसे कितव्या दिवशी आले. ‘पैसे काढायला किती दिवस लागतात’ असं शोधत येणारा माणूस खाते उघडायच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्याला बोनसचा आकडा नको असतो.

प्रत्येक रिव्ह्यूच्या वरच मी लिहिते की या लिंकवरून खातं उघडलंत तर मला पैसे मिळतात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, आणि कित्येक देशांत ते सांगणं कायद्यानंच बंधनकारक आहे. सर्च इंजिनांसाठी लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ची खूणही लावते. गुगलनं ती २०१९ मध्ये आणली.

रिव्ह्यूत माझा पहिला रकाना वेगळाच आहे: खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवले जातात का? याला कारण जुनं आहे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा खेळाडू ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेतली जागा मिळवून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून) वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि ८३९ खेळाडूंतून २५ लाख डॉलर जिंकून आला. तीन वर्षांत त्याच स्पर्धेत ८,७७३ जण उतरले. त्या लाटेवर अफिलिएटांची चांदी झाली. मग ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेनं बेकायदा ऑनलाइन जुगारासाठी पैसे वळते करण्यावर बंदीचा कायदा आणला, आणि पार्टीपोकर ही मोठी रूम तिथून बाहेर पडली. अमेरिकन वाचकांवर उभ्या असलेल्या साइटींची कमाई एका फटक्यात आटली. १५ एप्रिल २०११ ला पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या रूमच्या वेबसाइटांवर अमेरिकन सरकारच्या जप्तीची नोटीस झळकली. पुढं उघड झालं की फुल टिल्टकडे खेळाडूंचे पैसे परत द्यायला पैसेच नव्हते. अमेरिकन खेळाडूंना पहिली परतफेड मिळायला २०१४ चा फेब्रुवारी उजाडला. ज्या अफिलिएटांनी त्यांना तिथं पाठवलं, त्यांनी वाचकांना काय उत्तर दिलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

म्हणून एका रूमवर, एका देशावर, एका सर्च इंजिनवर माझा निम्म्याहून जास्त भार पडू देत नाही. आणि जिथं ऑनलाइन पोकरला किंवा त्याच्या जाहिरातीला बंदी आहे, तिथल्या वाचकांना माझ्या साइटवर लिंकच दिसत नाही, फक्त लेख दिसतात. पळवाटा विचारणाऱ्या मेल येतात. उत्तर देत नाही.

एका मेलला मात्र सविस्तर उत्तर दिलं होतं. गेल्या वर्षी एकानं लिहिलं, की तुमच्या लेखांमुळे खेळ सुधारला, पण मोठ्या टेबलांवर गेलो आणि साठवलेले बरेच पैसे गेले; आता ते भरून काढायला कुठल्या रूमचा बोनस घेऊ? मी त्याला ३३ तासांचा हिशेब पाठवला नाही. तो खेळत असलेल्या रूममध्ये स्वतःला खेळण्यापासून कायमचं बंद करून घ्यायची सोय सेटिंगमध्ये कुठं असते, ते एकेक पायरी लिहून पाठवलं, आणि मदत करणाऱ्या संस्थांचे पत्ते दिले. त्याचं उलट काही आलं नाही.

डॅशबोर्डवर मला नावं दिसत नाहीत, फक्त खात्यांचे क्रमांक दिसतात. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटवर तीन क्रमांकांपुढं शून्य होतं. त्यातला एक वर्षभर माझा सगळ्यात मोठा खेळाडू होता.