घरावर सोलर बसवण्याआधी

२०२५ च्या जानेवारीत साताऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटची सौर यंत्रणा बसली आणि तेव्हापासून आळीतले शेजारी, नातेवाईक, कधी कधी तर भाजी घेताना भेटलेली ओळखीची माणसेही मला त्याबद्दल विचारू लागली. बहुतेकांचा पहिला प्रश्न अनुदान किती मिळते हाच असतो. मला मात्र मनापासून वाटते की अनुदानाचा विचार शेवटी करावा आणि सुरुवात मागच्या बारा महिन्यांची वीजबिले समोर मांडून करावी.

त्याचे कारण आपल्या वीजदरांच्या रचनेत आहे. महावितरणचे घरगुती दर १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्प्याटप्प्याने वाढत जातात. पहिला टप्पा ओलांडला की युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. छपरावरची वीज आपल्या वापरातून वजा होते ती वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यापासून. म्हणून ज्या घरात महिन्याला ८०-९० युनिटच जळतात त्या घराने कर्ज काढून सोलर बसवण्याची घाई करू नये, असे मी स्पष्ट सांगते. आमचा वापर सरासरी २९० युनिट होता आणि बिल ३,२०० रुपयांच्या आसपास येत असे. १ किलोवॅटच्या पॅनेलमधून आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात असे धरले, तर ३ किलोवॅट आम्हाला पुरेसे होते. विक्रेता ५ किलोवॅटचा आग्रह धरत होता, परंतु वापरापेक्षा जास्त वीज तयार करून फारसा लाभ होत नाही. वर्षभरात ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांच्या जाळ्याला, दिलेले जादा युनिट पुढच्या बिलांत वळते होत राहतात, मार्चअखेरीस जे उरतात त्यांचे पैसे मात्र राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात आणि तो दर आपण वीज घेताना मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

बिलांनंतर सावली पाहावी. आमची पाण्याची टाकी गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात आहे. जागा पाहायला आलेल्या माणसाने दुपारी बारा वाजता येऊन, टाकीपासून पाच-सहा फूट सोडले की पुरे, असे सांगितले. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. मी मुलांच्या पाटीवरचा खडू घेऊन सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीन अशा तिन्ही वेळांना टाकीच्या सावलीची कड स्लॅबवर आखली. बारा वाजता ती खरोखरच पाच फुटांवर होती, पण साडेतीनला टाकीच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट लांब होऊन ईशान्येला, नेमकी पॅनेल बसवायचे ठरले होते त्या जागेवर पसरली होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने वर्षातली सर्वांत लांब सावली याच दिवसांत पडते. पॅनेल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी बाकीच्यांची वीजही घटू शकते. खडूच्या रेघा पाहून आराखडा पूर्वेकडे सरकवला गेला. ज्यांना शक्य आहे त्यांनी ही पाहणी डिसेंबरातच करावी.

सहा पॅनेल, प्रत्येकी साधारण ५४० वॅटचे, दक्षिणेकडे तोंड करून, अठरा-वीस अंशांच्या उतारावर बसवले. ३ किलोवॅटला ३०० चौरस फूट मोकळी जागा लागते असे धरून चालावे. सांगाडा गॅल्वनाइज्ड लोखंडाचाच घ्यावा आणि तो स्लॅबला कसा धरून ठेवणार हे काम सुरू होण्याआधी विचारावे. आमच्याकडे आलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी आम्हाला न विचारता वॉटरप्रूफिंगमधून थेट बोल्ट मारले. पहिल्याच जूनमध्ये मागच्या खोलीच्या छताला ओल आली. नंतर त्यांनी सांगाडा उचलून सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवून दिला आणि भोके बुजवली, परंतु ऐन पावसात तीन आठवडे ताडपत्रीखाली काढावे लागले. ठोकळ्यांची अट करारात आधीच लिहून घेतली असती तर हा त्रास टळला असता.

अनुदान आणि कर्ज यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे अनुदान आहे. ३ किलोवॅट आणि त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा घेतली तरी ते ७८,००० रुपयांवर थांबते. हे पैसे आधी मिळत नाहीत. यंत्रणा बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागून सर्व कागद योजनेच्या संकेतस्थळावर चढल्यावर ते ग्राहकाच्या खात्यात जमा होतात. याचा अर्थ सुरुवातीला पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. ‘अनुदान वजा जाता किंमत’ म्हणून जो आकडा सांगितला जातो त्यावर विसंबून घरखर्चाचे गणित बसवू नये. शिवाय अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलचे (पॅनेलमधल्या, उन्हापासून वीज तयार करणाऱ्या चकत्यांचे) आणि भारतात बनलेले पॅनेलच चालतात. स्वस्त आयात पॅनेलचे दरपत्रक हाती पडले तर त्यावर अनुदान मिळणार नाही हे ध्यानात ठेवावे.

आमचा खर्च १,९५,००० रुपये आला. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा आता दरपत्रक मागताना हा फरक दाखवला आहे का ते पाहावे.) दहा टक्के आम्ही भरले आणि बाकीच्या सुमारे १,७५,००० रुपयांचे कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेतून, तारण न ठेवता, ७ टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतले. हप्ता साधारण २,०३० रुपये. आता बिलात स्थिर आकार आणि थोडा कर मिळून दीड-दोनशे रुपये येतात, म्हणजे महिन्याला जवळपास ३,००० रुपये वाचतात आणि हप्ता त्यातूनच जातो. अनुदानाचे ७८,००० रुपये आले तेव्हा ते घरात इतर कामाला लावण्याचा मोह सर्वांनाच झाला होता. मी हट्ट धरून ते कर्जखात्यात भरले आणि बँकेला लेखी कळवले की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. त्यामुळे दहा वर्षांचे कर्ज पाच वर्षांच्या आत फिटेल. कर्जाचा दर रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्याशी, जोडलेला असल्याने २०२५ मध्ये रेपो दर उतरला तसा आमचा व्याजदरही खाली आला.

कागदपत्रांत आमचे काम अडले ते एकाच ठिकाणी. वीजजोडणी दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होती. अर्ज, कर्ज आणि अनुदान या तिन्हींसाठी बिलावरचे नाव, आधार आणि बँक खाते जुळावे लागते. नाव बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि इतर वारसांची संमती गोळा करण्यात दीड महिना गेला. ज्यांच्या बिलावर अजून वडिलांचे नाव आहे, त्यांनी सोलरचा विचार नसला तरी हे काम उरकून घ्यावे. जोडणीचा मंजूर भार (महावितरणने मान्य केलेली किलोवॅटची मर्यादा) यंत्रणेच्या क्षमतेपेक्षा कमी असेल तर तोही वाढवावा लागतो.

“वीज गेली तरी तुमच्याकडे असेलच की!” असे शेजारच्या काकू अजूनही म्हणतात, आणि दर वेळी त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटते. बॅटरी नसलेली, ग्रिडला जोडलेली यंत्रणा बाहेरची वीज जाताच स्वतःहून बंद होते. ती बंद झाली नाही तर आपल्या छपरावरची वीज तारांत उतरून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल, म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा घेता येते, पण खर्च बराच वाढतो. साताऱ्यात वीज इतकी जात नाही की आम्हाला तो परवडावा.

सोसायटीत राहणाऱ्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी गच्चीच्या वापराचा ठराव आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

पावसाळ्याची धास्तीही अनेकांना असते. आमच्याकडे मे महिन्यात ३८० युनिट तयार झाले आणि जुलैमध्ये २००. मुसळधार पावसाच्या एका दिवशी तर इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावर) जेमतेम २ युनिट दिसले. म्हणूनच हिशेब महिन्याचा न करता वर्षाचा करावा, उन्हाळ्यात साठलेले युनिट पावसाळ्यात कामी येतात. देखभाल फारशी नाही. पंधरा दिवसांनी भल्या पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि लांब दांड्याच्या मऊ पोछ्याने पॅनेल पुसावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसू लागले, तेव्हापासून आम्ही नळाचे पाणी दोन बादल्या बाजूला ठेवतो.