फाल्गुनातला खराटा

होळी आठ दिवसांवर आली की आमच्या अंगणातला लिंब एकदम पिवळा पडतो. (कडुनिंब हे पुस्तकातलं नाव. आमच्याकडं लिंबच.) पहिल्या दिवशी ओंजळभर पानं, चौथ्या दिवशी टोपलंभर, आणि मग एखाद्या दुपारी माळावरून वारं सुटलं की अंगण, न्हाणी, पत्रा, उन्हात टाकलेली बाज, सगळं पानांखाली. टाकीचं झाकण उघडं राहिलं तर दोन दिवस चूळसुद्धा कडू लागते.

मी लातूरला नोकरीला. रविवारी गावी जातो आणि चहाच्या आधी खराटा हातात घेतो. तासाभरात अंगण लख्ख करून कंबर सरळ करावी, तोवर तिकडच्या कोपऱ्यात पुन्हा टपटप सुरू. ओसरीवरून आई बघत असते.

"समदं आजच झाडायलास व्हय? झाडाला इचारलास का, अजून किती राहिलंय म्हणून?"

पानं तशी गुणाची, खराट्यापुढं पळतात. त्रास काड्यांचा. लिंबाचं एक पान म्हणजे एका लांब काडीवर दोन्ही बाजूंनी बसलेली दहा-पंधरा पानोळी. विळ्यासारखी वाकडी, कडेला करवतीचे दात. पानोळ्या गळून जातात आणि काड्या खराट्यात अडकून बसतात. त्या सोडवत बसलं की झाड जवळून बघणं होतं. पान असंच पडत नाही. गळायच्या आधी झाड त्यातलं नत्र आणि कामाचं बरंचसं फांदीत ओढून घेतं, मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर धरतो आणि पान तिथून सुटतं. वारं नुसतं निमित्त. पिवळं पान म्हणजे हिशेब पूर्ण करून दिलेलं पान. म्हणूनच की काय, ज्वारीच्या कोठीत घालायला आई हा पाला घेत नाही. त्याला हिरवा पाला तोडून, सावलीत वाळवून लागतो. "खालच्यात काय राहिलंय?" म्हणते.

हे झाड माझ्याहून लहान आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा निजलेलं. किल्लारीचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं. आमच्यासारखी बाकीची गावं यादीत राहिली. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली, त्यांत आमचंही. त्या रात्रीबद्दल इथं जास्त लिहीत नाही. लिहून झालंय, आणि आईसमोर अजूनही बोलत नाही.

जुनी घरं माळवदाची होती. दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, वर लाकडी सरं आणि त्यावर मातीचा थर. मृग निघायच्या आधी दरवर्षी माळवदावर पांढरी माती चढायची, गळू नये म्हणून. मीही घमेली वाहिलीत. बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या काळातली माती तशीच खाली, तिच्यावर यंदाची. काढायचं कुणाच्या मनातही नसायचं. घर उन्हाळ्यात गारेगार राहायचं, हे खरं. पण त्या पहाटे डोक्यावर जे आलं त्यात कितीतरी पावसाळ्यांची माती होती. लिंबाखाली झाडताना मला हटकून ती घमेली आठवतात. हे झाड दरसाल सगळं टाकून मोकळं होतं, आम्ही दरसाल चढवत गेलो.

नव्या गावात सरळ रस्ते होते, एकसारखी घरं होती, सावली नव्हती. 1996 च्या मृगात दादांनी, म्हणजे वडिलांनी, जुन्या गावठाणात उगवलेलं वीतभर रोप मुळाच्या मातीसकट पाटीत घालून आणलं. शेळीपासून राखायला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. शेळीनं तरी एकदा शेंडा खाल्लाच. त्यामुळं कमरेएवढ्या उंचीवर त्याला दोन फांद्या फुटल्या, त्या आता माझ्या कवेत मावत नाहीत.

पानगळीतलं झाडणं दादांचं काम. पौषात तूर बडवून झाली की तुराट्यांतल्या बारीक, लवचीक निवडून अंबाडीच्या वाखानं खराटा बांधायचे. तो बरोबर पानगळीला हाताशी यायचा. गळून झालं की पंधरवड्यात झाड तांबूस पालवीनं चकाकायला लागतं, पाडव्याला गुढीला डहाळी घरची, गूळ-ओव्यात कुस्करायला फुलोराही घरचा. मृगात खाली लिंबोळ्यांचा चिखल. त्यात पोरं घसरून पडली की दादा हसायचे. दोन वर्षांपूर्वी आषाढात ते गेले, तेव्हाही अंगणात लिंबोळ्याच होत्या. माणसं येऊन बसायची आणि उठताना धोतर-लुगड्यांना पिवळे डाग.

त्यांचा शेवटचा खराटा मागची पानगळ पुरला. झिजत झिजत मुठीएवढा बुडखा राहिला. यंदा दुकानातून प्लॅस्टिकचा आणला, तो पानांवरून नुसता फिरतो, पानं जागची हलत नाहीत. म्हणून तुराट्या घेऊन मीच बसलो. वाख मिळाला नाही, सुतळी वापरली. दुसऱ्या रविवारी अर्धं अंगण झाडून झालं आणि खराटा हातातच सुटला. तुराट्या पानांवर पसरल्या.

आई ओसरीवरून उतरली. काही बोलली नाही. तुराट्या गोळा केल्या, जाड-जाड चार बाजूला टाकल्या, सुतळी पाण्यात भिजवली. बुडं जमिनीवर आपटून सारखी केली आणि गुडघ्याखाली जुडी दाबून धरली.

"आता ओढ," म्हणाली.

मी ओढली. तिच्या डोक्यावरच्या पदरात दोन पिवळी पानं येऊन बसली होती.